व्याह्यांचा जाहीर वादविवाद

रेणुकादास उमरीकर सरांनी नांदेडात जाहीर वादविवाद घ्यायचं ठरवलं, याचं सगळं श्रेय त्यांच्या पुण्याच्या मेव्हण्याला द्यावं लागेल. मेव्हणा गणपतीत राहायला आला, बहिणीच्या हातचं पोटभर जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे भाषणं उदंड होतात, पण वादविवाद काही होत नाही. तुमची माणसं एक तर एकमेकांचा सत्कार करतात, नाहीतर डोकी फोडतात. मधलं काही जमतच नाही तुम्हाला."

सरांना हे फार लागलं. त्यांनी सारी हयात शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली होती. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला विषय. परीक्षा जवळ आली की पोरं तो ऑप्शनला टाकतात. पण सरांनी तो मनापासून शिकवला. मतभेद हा लोकशाहीचा दागिना आहे, हे वाक्य त्यांनी इतक्या पिढ्यांकडून पाठ करून घेतलं होतं, की निम्म्या नांदेडला ते झोपेत म्हणता आलं असतं.

"दिवाळीच्या आत घेऊन दाखवतो," सर म्हणाले. "दोन्ही बाजू भरभरून बोलतील, आणि शेवटी एका पंगतीत जेवतील. नांदेडची इज्जत आहे ही."

त्यांच्या पत्नी गोदावरीबाई भावापुढे सुपारीची डबी धरून उभ्या होत्या. त्यांनी ती जरा जोरातच मिटली. नवऱ्याच्या तोंडून "घेऊन दाखवतो" हे शब्द आले की घरात काय काय होतं, याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

पहिला प्रश्न विषयाचा. त्यासाठी सरांनी शेजारच्या दोघांना चहाला बोलावलं. एक भागवतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणारे. दुसरे विरूपाक्षअप्पा, कापडाचे व्यापारी. अप्पांनी आयुष्यात कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं, म्हणून कॉलनीतल्या प्रत्येक सभेचे अध्यक्ष तेच असत.

"राजकारणावर ठेवू," सर म्हणाले.

"न्हाई, न्हाई," भागवतराव म्हणाले. "पोरगं माजं कंत्राटदार हाय. कोणतं सरकार येईल कोणाला ठाव?"

धर्म नको, जात नको, आरक्षण तर नकोच नको. महागाईवर ठेवावं तर महागाईच्या बाजूनं बोलणार कोण? मोबाईलनं समाज बिघडला का, असं सरांनी सुचवलं, तर भागवतराव म्हणाले, "हाव, बिघडला," आणि विषय तिथंच संपला. अप्पा सगळ्याच विषयांना "चांगला हाय की" म्हणत होते.

शेवटी विषय सापडला तो बशीत चहा ओतताना. आपल्या भागात दर दोन-चार वर्षांनी आवई उठते की एखादं मोठं सरकारी कार्यालय येणार. कार्यालय येतं न येतं, ते सरकार जाणे; पण ते नांदेडला व्हावं की लातूरला, यावरून दोन्ही गावांत चहाच्या टपऱ्या लगेच पेटतात. नांदेडकराला वाटतं, रेल्वेचं कार्यालय आपल्याकडं, गुरुद्वारा आपल्याकडं, गोदावरी आपल्याकडं, मग आणखी विचारायचं काय? लातूरकराला वाटतं, शिक्षणात नाव आमचं, मार्क आमचे, शिस्त आमची, नांदेडला काय नुसती धूळ खायला जायचं? हा वाद जुना होता, जिवंत होता, आणि मुख्य म्हणजे त्यात भागवतरावांच्या पोराचं कंत्राट अडकलेलं नव्हतं.

नांदेडच्या बाजूनं खुद्द सर बोलणार. लातूरच्या बाजूनं वीरभद्र नावाचे तिथले एक प्राध्यापक फोनवर तयार झाले. आता उरली परवानगी आणि जागा, म्हणजे सरांच्या मते काहीच उरलं नाही.

ठाण्यातला हवालदार सरांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली आणि विचारलं, "कशाची परवानगी म्हणलात सर?"

"जाहीर वादविवादाची. एक नांदेडचा बोलणार, एक लातूरचा. मग एकमेकांचे मुद्दे खोडून काढणार. लाऊडस्पीकर लावून."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "सर, लोकं भांडण झाल्यावर आमच्याकडं येतेत. भांडायच्या आदी परवानगी मागून राहिलेले तुमीच पयले."

"अरे, भांडण नाही. मतभेद. लोकशाहीचा काय आहे?"

"दागिना, सर," हवालदार लगेच म्हणाला. पाठांतर पक्कं होतं. "पण सायेब न्हाई मानायचे. तुमी असं करा, दोन्ही पार्ट्यांच्या वतीनं लिहून द्या, का कार्यक्रमात कसलाच मतभेद होणार न्हाई. मंग लगेच शिक्का मारतो."

सरांनी खूप समजावून पाहिलं. साहेब बाहेर गेलेले, उद्या या. साहेब आलेत पण बैठकीत आहेत, परवा या. अखेर ज्या सरांनी जन्मभर मतभेदाचं महत्त्व सांगितलं, त्यांनी स्वतःच्या सहीनं मतभेद होणार नसल्याची हमी लिहून दिली. 

जागेचं त्याहून सोपं वाटलं होतं. मुहूर्त नसल्यामुळं कॉलनीजवळचं मंगल कार्यालय रिकामंच होतं. ते चालवणाऱ्या शिवकांताबाईंनी विचारलं, "कार्य कोणाचं?"

"कार्य नाही, वादविवाद आहे."

"त्याचा दर न्हाई आमच्याकडं. लगीन हाय, साखरपुडा हाय, बारसं हाय." बाईंनी सरांकडं दयेनं पाहिलं. "साखरपुड्यात बसवते. सवस्तात पडल. दोन पार्ट्या हायत न?"

"आहेत."

"जेवण हाय?"

"आहे."

"मंग साखरपुडाच हाय की वो सर. खामखा कामून बेजार होऊन राहिलेत?"

हे सगळं पार पडलं आणि कार्यक्रमाच्या तोंडावर प्राध्यापक वीरभद्रांचा फोन आला. त्यांच्या मुलीचा नांदेडला बदलीचा अर्ज होता. बापानं नांदेडात येऊन नांदेडला नावं ठेवलेली कुणी ऐकली, तर पोरीचं कसं व्हायचं? तेव्हा माफी असावी. सर फोन हातात धरून ओसरीत बसून राहिले. जागा ठरली, आचारी ठरला, पत्रिका वाटल्या, पुण्याला तर त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. आता मेव्हणा काय म्हणेल, ते त्यांना मेव्हण्याच्या आवाजातच ऐकू यायला लागलं.

विरूपाक्षअप्पा सांत्वनाला आले होते. ते सहज म्हणाले, "सर, तुमचे व्याही लातूरचेच की."

सरांची एकुलती मुलगी अपूर्वा लातूरला दिलेली होती. तिचे सासरे व्यंकटराव रेणापूरकर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, वाचन दांडगं, जीभ त्याहून दांडगी. लातूरविषयी कुणी ब्र काढला तर ते त्याला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकवत जात. विरोधी वक्ता म्हणून याहून नामी माणूस सापडला नसता.

"काय बोलून राहिलात अप्पा!" गोदावरीबाई आतून बाहेर आल्या. "मुलगी दिली आहे त्या घरात. मुलाकडच्यांशी चारचौघांत भांडायचं?"

"भांडायचं नाही गं, मतभेद."

"इतक्या वर्षांत एकदा तरी मतभेद झालाय का तुमचा त्यांच्याशी? कारल्याची भाजी आठवा."

 कारल्याची हकीकत अशी, की लग्नानंतर पहिल्यांदा लातूरला गेले तेव्हा सरांनी व्याह्यांच्या घरची कारल्याची भाजी शिष्टाचार म्हणून वाखाणली. तेव्हापासून सर लातूरला गेले की कारलं ठरलेलं. सरांना कारल्याच्या वासानंही मळमळतं, पण ते दोनदा मागून घेतात. इकडं व्यंकटरावांना चहा बिनसाखरेचा लागतो, हे अपूर्वानं आईला कधीचं सांगितलेलं, तरी सर स्वतः आग्रहानं त्यांच्या कपात चमचा चमचा साखर घालत, आणि व्यंकटराव "वा, अमृत!" म्हणून तो पाक गिळत. दोन्ही घरांत या गोडीचं फार कौतुक होतं.

पण वेळच तशी आली होती. सरांनी फोन लावला. व्यंकटराव म्हणाले, "व्याही म्हणतात म्हणजे यायलाच पाहिजे." मुलीकडच्यांनी एवढ्या आदरानं बोलावलं आणि आपण नाही म्हणायचं, हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सर मंगल कार्यालयात पोचले, तेव्हा दारावर सनई वाजत होती. आत लाल जाजम, त्याच्या एका बाजूला "वरपक्ष" आणि दुसऱ्या बाजूला "वधूपक्ष" अशा पाट्या. साखरपुडा म्हटल्यावर शिवकांताबाईंनी नेहमीच्या शिरस्त्यानं सगळं मांडून ठेवलं होतं. सर पाट्या काढायला धावले तोच लातूरची जीप आली. व्यंकटराव उतरले, त्यांच्या पत्नी सिंधुताई उतरल्या, जावई आलोक, अपूर्वा, आणि लातूरचा बाणा दाखवायला आलेली शेजारची चार-सहा माणसं. ती सगळी अगदी सवयीनं वरपक्षात जाऊन बसली. नांदेडकर आपोआप वधूपक्षात बसले. त्या घटकेपासूनच नांदेडची बाजू पडती झाली, असं भागवतराव पुढं पुष्कळ दिवस सांगत असत.

सत्कार करायचे नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. मेव्हण्याचं वाक्य त्यांच्या डोक्यात होतं. पण भागवतरावच अडून बसले. "व्याही आल्यात, अन् बिनफेट्याचे बसवता? लातूरला जाऊन काय सांगतील?" मग व्याह्यांना फेटा. व्याह्यांना बांधला मग अध्यक्षांना फेटा. विहीणबाईंना साडीचोळी. जावयाला टॉवेल-टोपी. त्यावर व्यंकटरावांनी पिशवीतून सरांसाठी धोतरजोडी काढली, कारण मुलाकडचे काही रिकाम्या हातानं येत नसतात. लाऊडस्पीकरवाल्याला नारळ दिला, शिवकांताबाईंना दिला, आणि शेवटी एक नारळ उरला तो वाया जाऊ नये म्हणून परत व्यंकटरावांनाच दिला. अध्यक्ष विरूपाक्षअप्पा एव्हाना फेट्यासकट पेंगायला लागले होते.

गोदावरीबाईंकडं वेळेचं काम दिलं होतं. त्यांनी देव्हाऱ्यातली घंटा आणली होती. भागवतरावांनी मोबाईल उभा करून पुण्याला थेट दाखवायची सोय केली होती.

सर बोलायला उभे राहिले. सुरुवात झोकात झाली. गोदावरी झाली, गुरुद्वारा झाला, रेल्वे झाली. नांदेडकरांनी टाळ्या दिल्या. पुढचं वाक्य सरांचं हुकमी होतं. आरशासमोर त्याची तालीम झाली होती. "ज्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या गावाला कार्यालय कशाला?" असं ते वाक्य.

"ज्या गावाला..." सर म्हणाले आणि त्यांनी समोर पाहिलं. व्यंकटरावांचा फेटा एका कानावर आला होता. सिंधुताई कौतुकानं हसत होत्या. शेजारी अपूर्वा बसली होती. आपण आत्ता टाळ्या घेऊन घरी जाऊ, पण पोरीला त्या जिपेत बसून जायचं आहे, हे सरांना एकाएकी दिसलं.

"ज्या गावाला," सर पुन्हा म्हणाले, "इतकी गोड माणसं लाभली, त्या गावाला... त्या गावालाही काही मिळायला हरकत नाही." आणि ते खाली बसले.

व्यंकटराव उठले. त्यांच्या खिशात नांदेडची धूळ, नांदेडचे ऑटो आणि नांदेडचा उन्हाळा यांवर जळजळीत मजकूर होता. त्यांनी तो चाचपला आणि तसाच ठेवला. "व्याह्यांनी मोठं मन दाखवलं," ते म्हणाले. "मग आम्ही का मागं राहावं? मी म्हणतो, कार्यालय नांदेडलाच व्हावं."

"छे छे," सर बसल्या जागेवरून म्हणाले, "ते शोभणार नाही. लातूरलाच."

"अहो, गोदाकाठ आहे, तीर्थक्षेत्र आहे. नांदेडलाच!"

"शिक्षण तुमच्याकडं, शिस्त तुमच्याकडं. लातूरच!"

"सर!" भागवतराव ओरडले. "तुमी कोणाकडून बोलून राहिलेत?"

"काका, दिऊन टाकलंत की वो आपलं कार्यालय!" तिकडून लातूरचा एकजण कळवळला.

सभेत गोंधळ उडाला. नांदेडकर व्यंकटरावांना टाळ्या देऊ लागले, लातूरकर सरांना. दोघं व्याही माईक एकमेकांपुढं सरकवत होते, "तुम्ही घ्या", "नाही, आधी तुम्ही", आणि दर वाक्याला कार्यालय समोरच्याच्या गावाच्या पदरात पडत होतं. हवालदाराला लिहून दिलेली हमी तंतोतंत पाळली जात होती. कोपऱ्यात भागवतरावांचा मोबाईल लुकलुकत होता, आणि त्याच्या पलीकडं पुण्यात बसून मेव्हणा हे सगळं पाहत असणार. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्कार झाले, उद्या कदाचित डोकीही फुटतील. मधलं काही जमलं नाही, हे खरंच होतं म्हणायचं.

"मला बोलायचंय," असं म्हणून अपूर्वा उठली.

ती वरपक्षातून निघाली आणि लाल जाजमावर, बरोबर मध्ये येऊन उभी राहिली. लातूरच्या एका शिकवणीवर्गात ती शेकडो पोरांना पदार्थविज्ञान शिकवत असे. तिला माईकची गरज नव्हती.

"बाबा, तुम्हाला कार्यालय लातूरला नकोय. मामंजी, तुम्हाला नांदेडला नकोय. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक आहे, आणि तरी दोघं खोटं बोलून राहिलात."

 सुनेनं सासऱ्याला भर सभेत खोटं म्हटलं होतं, आणि तेही मंगल कार्यालयात. सिंधुताईंनी तोंडाला पदर लावला. गोदावरीबाईंच्या हातातली घंटा तशीच अधांतरी राहिली.

"जे तुम्ही एकमेकांना देऊन राहिलात, ते तुमचं आहे का?" अपूर्वा पुढं म्हणाली. "बाबा, कार्यालय लातूरला दिलंत. किनवटचा माणूस एका सहीसाठी लातूरला कसा जाईल, कुठं मुक्काम करील, सांगा. मामंजी, तुम्ही नांदेडला दिलंत. निलंग्याची म्हातारी सकाळची गाडी धरून नांदेडला पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असते, त्याचं काय? तिचा कुणी फेटा बांधून सत्कार केला नाही, म्हणून ती मोजायची नाही? आपल्याकडं असंच होतं. पाहुणा आला की आपण मान देतो, आणि मान दिला की विचारायचं राहून जातं. मोठा माणूस येतो, आपण शाल घालतो, तो जातो, आणि रस्ता होता तसाच राहतो. मान पंगतीत द्यायचा असतो. इथं मुद्दा द्या. कार्यालय नांदेडला करा, लातूरला करा, नाहीतर मधे अहमदपूरला करा. पण तिथं गेल्यावर 'उद्या या' म्हणणारा माणूस बसवायचा नाही, हे आधी ठरवा. झालं माझं."

 मग मागून शिवकांताबाई मोठ्यानं म्हणाल्या, "बरुबर हाय!" आणि वरपक्ष-वधूपक्ष दोन्हीकडून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विरूपाक्षअप्पा दचकून उठले आणि अक्षता टाकायला हात वर केला.

सरांचे डोळे भरून आले. ही पोरगी लहान असताना ते रोज जेवताना तिला उलटी बाजू मांडायला लावत. शाळा नसावी, यावर ती बोलली की लगेच, शाळा असावी, यावर बोल. ताटातली पोळी गार व्हायची, गोदावरीबाई ओरडायच्या, पण पोरगी हटायची नाही. सगळी हयात शिकवलेलं नागरिकशास्त्र आज डोळ्यांपुढं लाल जाजमावर उभं होतं. सरांनी माईक ओढला.

"ही माझी लेक!" त्यांचा आवाज चिरकला. "मी शिकवलंय तिला हे. मी!"

व्यंकटराव उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आता सोयरिकीचं काय होतं, कुणास ठाऊक.

"मला हे मान्य नाही," व्यंकटराव म्हणाले.

लग्नानंतर आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून सरांसमोर "नाही" निघालं होतं.

"तुमच्याकडून आली तेव्हा 'हो मामंजी' शिवाय शब्द काढत नव्हती. रोज सकाळी पेपर वाचताना मी तिला छेडलं. रोज ती माझ्याशी भांडली. आज जे ऐकलंत ते लातूरचं शिक्षण आहे!"

"अहो, मूळ पिंड नांदेडचा!"

"पिंड कुणाचाही असो, पैलू आम्ही पाडले!"

"पैलू? तुमच्या घरी नुसतं कारलं खायला घालतात! किती वर्षं गिळतोय मी ते!"

"आणि तुमचा चहा? चहा आहे तो? पाक आहे पाक! डॉक्टरकडं जाईपर्यंत साखर वाढली माझी!"

नांदेडकर बाकांवर चढले. लातूरकर सरसावून बसले. या वेळी मात्र प्रत्येकजण आपापल्याच माणसाला टाळ्या देत होता. गोदावरीबाई घंटा बडवत होत्या, पण ऐकतो कोण? अखेर सिंधुताईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या विहीणबाई. आज हे दोघं पहिल्यांदा घरच्यासारखं बोलून राहिलेत. चला, आपण पानं मांडू."

अध्यक्ष म्हणून विरूपाक्षअप्पांना निकाल द्यायचा होता. त्यांनी दोन्ही पाट्यांकडं पाहिलं आणि अपूर्वाला विचारलं, "बाई, तुमी वरपक्षाच्या का वधूपक्षाच्या?"

"मी मधे उभी आहे ना, अप्पा."

"चांगलं हाय की," अप्पा म्हणाले आणि त्यांनी दोघांनाही विजयी घोषित केलं, त्यामुळं भांडण आणखी वाढलं.

ते पंगतीत गेलं. दोन्ही व्याही एकमेकांशेजारी बसले होते, आणि वांग्याची भाजी पानात गार होत असताना, अपूर्वा पहिल्यांदा कुणाशी भांडली यावर त्यांचं जुंपलं होतं. व्यंकटराव बोलता बोलता सरांच्या पानात तूप वाढत होते. सर त्यांचं म्हणणं खोडून काढत ते खात होते.

तेवढ्यात पुण्याचा फोन आला. सरांनी डाव्या हातानं तो कानाला लावला.

"दाजी, नेट गेलं होतं हो," मेव्हणा म्हणाला. "फेटे बांधलेले तेवढे दिसले. काय झालं शेवटी? सत्कार की मारामारी?"

"वादविवाद झाला," सर म्हणाले. त्यांची छाती समोरच्या पानाला टेकेल इतकी पुढं आली.

"असं? मग कोण जिंकलं?"

सरांनी शेजारी पाहिलं. व्यंकटराव तुपाची वाटी हातात धरून पुढचा मुद्दा काढायच्या तयारीत बसले होते.

"ठेव फोन," सर म्हणाले. "अजून चालू आहे."